मोटारीच्या अंगावरचे जाळे

गेल्या महिन्यात या सदरातून शिलाईयंत्राच्या तेलपाण्याविषयी लिहिले होते, आणि या महिन्यात पावसाळ्यापूर्वी दारे-खिडक्यांच्या बिजागऱ्यांची काय काळजी घ्यावी ते सांगावे, असा बेत होता. परंतु मध्यंतरी आमच्या गल्लीत एक प्रकरण उद्भवले व त्यात पंच म्हणून बसण्याची पाळी माझ्यावर आली. बिजागऱ्या एक महिना थांबू शकतील. ज्यांच्या घरी मोटार नाही अशा वाचकांनी पान उलटण्याची घाई करू नये. प्रकरण मोटारीचे असले तरी त्याचा उलगडा स्वयंपाकघरातल्या ताटाने झाला.

आमचे शेजारी बँकेतून चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. उभा जन्म स्कूटरवर काढलेल्या या गृहस्थांनी निवृत्तीनंतर मोठ्या हौसेने एक जर्मन बनावटीची, काळ्या रंगाची, चार वर्षे वापरलेली मोटार घेतली. घेतली त्या दिवशी ती आरशासारखी होती; वहिनींनी तिच्या दारात पाहून कुंकू नीट केल्याचे मला आठवते. गल्लीत सकाळी सहाला एक पोरगा येतो आणि एक बादली व एक फडके एवढ्या भांडवलावर सात घरच्या मोटारी पुसून जातो. त्या सातांत आमचेही घर आहे. शेजाऱ्यांकडून त्याला महिन्याला सहाशे रुपये मिळत. आठ महिने सुरळीत गेले. मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी, ऊन तिरपे पडलेले असताना, शेजाऱ्यांची नजर बॉनेटकडे गेली. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी असंख्य बारीक वर्तुळे चमकत होती. छतावर, दारांवर, जिथे ऊन तिथे तेच जाळे.

"गोल गोल घासून याने माझ्या गाडीचे वाटोळे केले, मास्तर!" ते मला म्हणाले. पोरगा फाटकाशी उभा होता. "बाबूजी, मैं तो सीधा ही पोंछता हूँ," एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याचे त्या महिन्याचे पैसे अडकवून ठेवले होते, आणि शिवाय पॉलिशचा खर्चही त्याच्याकडूनच वसूल करावा, असा विचार शेजाऱ्यांच्या बोलण्यातून डोकावत होता. पॉलिशचा खर्च म्हणजे त्या एका घरची त्याची जवळजवळ वर्षाची कमाई.

मी वहिनींकडून स्टीलचे एक ताट मागून घेतले. नवे नव्हे, रोजच्या घासणीतले, दहा-बारा वर्षांचे. ते दिव्याखाली धरून शेजाऱ्यांना म्हटले, "काय दिसते?" दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळेच वर्तुळे! मग त्यांना मान उजवीकडे न्यावयास सांगितले. वर्तुळे त्यांच्याबरोबर निघाली. डावीकडे यावयास सांगितले, वर्तुळेही डावीकडे आली. ताट हलले नव्हते, ताटावरचे चरे हलले नव्हते. वर्तुळांचे केंद्र मात्र पाहणाऱ्याबरोबर फिरत होते.

याचे कारण असे. प्रत्येक चरा ही एक सूक्ष्म पन्हळ असते, आणि तिच्यावर पडलेला प्रकाश तिच्या लांबीला काटकोनात फेकला जातो. ताटावर उभे, आडवे, तिरपे असे हजारो चरे असतात. त्यांपैकी जे नेमके दिव्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालणाऱ्या दिशेने पडलेले असतात, तेवढेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवितात. बाकीचे तिथेच असून दिसत नाहीत. सरळ घासा, वाकडे घासा, दिसावयाचे ते वर्तुळच. शेजारी उठून अंगणात गेले आणि बॉनेटसमोर बराच वेळ मान हलवीत उभे राहिले. गोल घासल्याचा आरोप तिथेच गळून पडला. परंतु चरे कोणी तरी पाडले होतेच, व ते कसे जावयाचे हा प्रश्नही शिल्लक होता.

येथे थोडे रोगणाविषयी सांगितले पाहिजे. आमच्या उमेदीच्या काळातील अँबॅसेडर आणि फियाट या मोटारींना बहुधा एकाच जातीचे रंगीत रोगण असे. पॉलिश करू लागले की गाडीचा रंग फडक्यावर उतरे. लाकूडकामात आपण आजही ज्याला 'ड्यूको' म्हणतो, ते नावही मुळात 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेत मोटारींसाठी निघालेल्या एका रोगणाचे आहे. आताच्या मोटारीची रचना निराळी असते. पत्र्यावर प्रथम विजेच्या साहाय्याने बसविलेला गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर, म्हणजे कारागिरांच्या भाषेत 'क्लिअर कोट'. या साऱ्यांची मिळून जाडी साधारणतः 100 ते 150 मायक्रॉन, आणि त्यात पारदर्शक थराचा वाटा 40-50 मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. आपल्या डोक्यावरचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा असतो. तेव्हा ज्या चकाकीवर आपण भाळतो, ती केसाहूनही पातळ अशा एका पापुद्र्याची आहे. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचविण्याचे कामही हाच थर करतो.

चक्री दिसणारे ते बारीक चरे याच थरात असतात. पॉलिशने चरा 'निघून जातो' असे आपण म्हणतो, पण वस्तुतः तसे होत नाही. चऱ्याभोवतीची सारी जमीन घासून चऱ्याच्या तळाइतकी खाली आणली जाते, म्हणून चरा दिसेनासा होतो. मी शेजाऱ्यांना त्यांच्याच भाषेत सांगितले, "हे व्याज नव्हे, मुद्दल आहे. एका चांगल्या पॉलिशला दोन-तीन मायक्रॉन खर्ची पडतात आणि ते पुन्हा जमा होत नाहीत." हा दृष्टांत त्यांना ताटाहून अधिक पटला.

मुद्दल बुडविल्याचा अनुभव माझ्या पदरी आहे, म्हणून एवढ्या अधिकाराने सांगतो. 1984 साली वडिलांच्या फियाटवरचा एक ओरखडा घालविण्यासाठी मी फिरते मशीन आणि रबिंगचे जाड कंपाउंड घेऊन उत्साहाने कामाला लागलो. मडगार्डच्या वरच्या कंगोऱ्यावर मशीन क्षणभर जास्त टेकले. ओरखडा गेला आणि त्याच्या जागी खालच्या अस्तराची करडी रेघ उमटली, वीतभर लांब. कंगोऱ्यावर रोगण मुळातच पातळ असते आणि मशीनचा सारा दाब त्या एवढ्याशा जागी एकवटतो, हे ज्ञान मला दोन मिनिटे उशिरा झाले. वडील काही बोलले नाहीत. पुढे ती मोटार विकीपर्यंत ते कोणाला दाखविताना त्या बाजूला स्वतः उभे राहत.

शेजाऱ्यांची मोटार जर्मन, आणि जर्मन मोटारींचे पारदर्शक रोगण सामान्यतः फार कठीण असते. पुष्कळशा जपानी मोटारींचे त्या मानाने मऊ. मर्सिडीज कंपनीने तर 2003 च्या अखेरीपासून रोगणात चिनी मातीच्या जातीचे अतिसूक्ष्म कण मिसळून ते अधिकच कणखर केले. कारखान्यात मोटारीचा सांगाडा 140 अंशांच्या आसपासच्या भट्टीत भाजला जातो. त्यामुळे रोगणाचे रेणू एकमेकांत घट्ट विणले जातात. कठीण रोगणाचा गुण असा की ते लवकर चरत नाही. दोष असा की एकदा चरले की चरे सहजासहजी सोडत नाही. मऊ रोगणाचे याच्या उलट. मग कठीण रोगण तरी चरते कशाने? आमच्या भागात दर चौथ्या प्लॉटवर इमारत उभी राहत आहे आणि नर्मदेच्या वाळूचे ट्रक दिवसरात्र जातात. ती वाळू मुख्यत्वे गारगोटीची, आणि गारगोटीपुढे काचसुद्धा टिकत नाही. असा एक कण फडक्यात अडकला की ते फडके पुसत नाही, कोरते.

त्या रविवारी दुपारी आम्ही मोटार सावलीत घेतली व प्रथम भरपूर पाण्याने धुतली. नंतर रोगणात रुतून बसलेली घाण ओढून काढणारी मऊ माती येते, ती साबणाच्या पाण्याबरोबर सर्वांगावरून फिरविली. हात फिरवून कणी लागेनाशी झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळे पुसून घेतले. हे शेवटचे काम पुष्कळ जण टाळतात, आणि नेमके तेथेच खरे उघड होते. पुष्कळशा पॉलिशांत तेल व मेण असते. ते चऱ्यांत भरून बसते आणि चरे बुजल्यासारखे दिसतात. अल्कोहोलने ते निघताच शेजाऱ्यांच्या मोटारीवरील जाळे दुप्पट झाले! शिवाय बॉनेटवर व छतावर रुंद, नागमोडी, डोळा हलवला की सावलीसारखे सरकणारे पट्टे उमटले. असे पट्टे फडक्याने पडत नाहीत. ते लोकरी चकतीच्या फिरत्या मशीनचे काम. आणि छताच्या मधोमध, जिथवर त्या पोराचा हात पोहोचतच नाही, तिथेही जाळे तेवढेच दाट होते.

आता सगळा प्रकार स्पष्ट झाला. ज्याच्याकडून मोटार घेतली, त्याने विकण्यापूर्वी ती घाईघाईने मशीनवर घासून वर तेलकट पॉलिश चोपडले होते. वहिनींनी कुंकू नीट केले ते त्या तेलाच्या आरशात. आठ महिन्यांच्या धुण्यापुसण्याने तेल गेले आणि जुने चरे वर आले. पोरगा अगदीच निर्दोष होता असे मात्र मी म्हणणार नाही. दारांवर पुढून मागे गेलेले काही लांब, सरळ, ताजे चरे होते, ते त्याच्याच फडक्याचे. ते फडके कोणते, असे विचारता घरातूनच दिलेला टर्किश टॉवेलचा तुकडा पुढे आला. वाळून पापड झालेला.

शेजाऱ्यांच्या लेकीच्या सासरची मंडळी रंगपंचमीला यावयाची होती. त्यापूर्वी मोटार नीट व्हावी असा त्यांचा आग्रह होता. रंगपंचमीला इंदूरात गेर निघते, गुलाल कोसावर जातो, तेव्हा काम नंतर करू, असे मी सुचवून पाहिले. ऐकतात कुठले! पुढच्या रविवारी माझा एक जुना विद्यार्थी आपले मशीन आणि रोगणाची जाडी मोजण्याचे यंत्र घेऊन आला. छतावर यंत्राने 118 दाखविले, बॉनेटवर 112. मागील उजव्या मडगार्डवर एकदम 240. म्हणजे ते केव्हातरी ठोकून पुन्हा रंगविलेले. आणि डाव्या पुढच्या दारावर, मधोमध, अवघे 84. हे यंत्र सर्व थरांची एकत्र जाडी सांगते, पारदर्शक थर किती उरला ते सांगत नाही. परंतु शेजारच्या दारावर 115 असताना येथे 84 असेल, तर तेथे कोणी तरी आधीच हात मारलेला आहे एवढे उघड होते. त्या दारावर आम्ही चिकटपट्टी लावून खूण केली.

अशा कामात पहिला नियम हा की साऱ्या गाडीवर एकदम तुटून पडू नये. बॉनेटवर हात-दीड हात चौरस जागा पट्टीने आखून घ्यावी आणि सर्वांत सौम्य उपायाने आरंभ करावा. आम्ही मऊ स्पंजाची चकती व बारीक पॉलिश घेऊन चार फेऱ्या मारल्या. चकाकी किंचित वाढली, जाळे जसेच्या तसे. कडक स्पंज व मध्यम पॉलिश. निम्मे चरे राहिले. शेवटी मायक्रोफायबरची चकती आणि अॅल्युमिनियम ऑक्साइडचे कापणारे कंपाउंड लावले, तेव्हा त्या कठीण रोगणाने हार मानली. चरे गेले, पण जागेवर दुधी झाक आली. ती याच चकतीची खूण. मग पुन्हा मऊ स्पंज व बारीक पॉलिश, आणि काळ्या रंगाला जी खोल, ओली वाटणारी चमक असते ती आली. गंमत अशी की पुन्हा रंगविलेल्या त्या मडगार्डवर बारीक पॉलिशच्या दोनच फेऱ्यांत काम झाले. तयार मोटारीला टायर, तारा, प्लॅस्टिक सारे बसविलेले असते. तिला भट्टीचे तापमान सोसवत नाही, म्हणून दुरुस्तीचे रोगण 60 अंशांच्या आसपास वाळवितात आणि ते मऊ राहते. एकाच मोटारीवर दोन स्वभाव! म्हणून एका जागेचा अनुभव दुसऱ्या जागी तपासल्याविना लावू नये.

मशीन कोणते, असे वाचक विचारतील. ज्याची चकती स्वतःभोवती फिरता फिरता डोलतेही, असे दुहेरी गतीचे मशीन नवख्याच्या हातीही सहसा अपघात करीत नाही. 1984 साली माझ्या हाती असे मशीन असते, तर ती करडी रेघ बहुधा टळली असती. चकतीच्या पाठीवर खडूची एक रेघ ओढून ठेवावी. दाब फार झाला की मशीन नुसते थरथरते व रेघ फिरेनाशी होते. हात सावकाश चालवावा, सेकंदाला एक-दोन इंचांहून अधिक नको. कठीण रोगणावर घाई केली की कंपाउंडचे कण कापण्याऐवजी नुसते घसरत जातात. प्रत्येक चौकोन झाला की चकती झाडून स्वच्छ करावी, कारण निघालेल्या रोगणाची पूड तिच्यात साचून कापण्याची धार मारते. मधूनमधून तळहात ठेवून पाहावा. कोमट लागले तर चालेल, चटका बसता कामा नये. कंगोरे, कडा व दारांच्या वळणाच्या रेषा यांवर आधी पट्टी चिकटवावी. दारांच्या मुठींमागच्या खोबणीत नखांचे व बांगड्यांचे चरे असतात, तिथे मशीन शिरत नाही. चिमूटभर कंपाउंड घेऊन बोटानेच घासावे. बाकी सारी मोटार हाताने घासून कठीण रोगणाचे चरे काढू म्हणणाऱ्याच्या खांद्यांची मला कीव येते. दंतमंजन, खोबरेल तेल वगैरे घरगुती उपायांविषयी विचारूच नये. खोबरेल तेलाने चरा बुजल्यासारखा दिसतो, दोन धुण्यांपुरता. तो विक्रेता तरी दुसरे काय करीत होता?

दोन दिवस लागले. डिकीवर किल्लीने ओढल्यासारखा एक खोल ओरखडा होता. त्यावरून नख आडवे फिरविले तर अडकत होते. नख अडकते तिथे पॉलिशची मजल संपते. तेवढे खोल घासावयाचे म्हणजे सारे मुद्दल एका जागी उधळावयाचे. त्याच्या कडा तेवढ्या बोथट केल्या. आता तो पूर्वीइतका चमकत नाही, पण आहे. डाव्या दाराला मात्र कंपाउंड लावूच दिले नाही. बारीक पॉलिशचा एक हलका हात, बस्स. शेजारी पुष्कळ हळहळले. बाकीची गाडी आरशासारखी आणि नेमक्या त्या दारावर जाळे, हे त्यांना बघवेना. "आणखी एकच हात मारून पाहू या का?" असे त्यांनी तीनदा विचारले. मी तीनदा नाही म्हटले. पारदर्शक थर संपला की रंग उन्हाने पांढुरकतो, पापुद्रे सुटतात, आणि मग दार नव्याने रंगविण्यावाचून गत्यंतर नसते. जाळ्याने गाडीचे वय दिसते, एवढेच.

वर सिरॅमिकचा लेप द्यावा का, हेही त्यांनी विचारले. ते करण्यास हरकत नाही. पाणी व घाण कमी धरते. परंतु जाहिरातीत '9 एच' कडकपणा म्हणून जो आकडा असतो, तो पेन्सिलींच्या कसोटीचा आहे, चित्रकलेच्या वर्गात आपण एच आणि बी पेन्सिली वापरतो त्याच मापाचा. गारगोटी त्याला मुळीच भीत नाही.

पोराचे सहाशे रुपये शेजाऱ्यांनी त्याच संध्याकाळी दिले. पण रोज कोरड्या धुळीवर फडके फिरविणे हेच चऱ्यांचे मूळ, हे माझ्याच तोंडून ऐकल्यावर ते सहज म्हणाले, "मग आता रोज पुसायला नको. आठवड्याला एकदा धुतली की झाले. दीडशे रुपये पुरेत." माझ्या पंचगिरीचा हा शेवट मला अपेक्षित नव्हता. आरोपातून सुटलेला पोरगा कामातून जात होता! वहिनीच मध्ये पडल्या. आठवड्यातून दोनदा नीट धुवावयाची, पैसे तेच. नीट म्हणजे असे : प्रथम वरून नुसते पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्यावयाची, मग साबणाच्या पाण्याची एक बादली आणि फडके खळबळण्यासाठी साध्या पाण्याची दुसरी, फडके मायक्रोफायबरचे, वरून खाली, आणि जमिनीवर पडले की ते बाद. आमच्याकडे बोअरिंगचे पाणी जड आहे, उन्हात वाळले तर पांढरे ठिपके पडतात, म्हणून सावलीतच धुवून लगेच टिपून घ्यावयाचे. घासावयाचे नाही, टिपावयाचे. दुसरी बादली वहिनींनी दिली. ती पाहून पोराने हळूच मला विचारले, "बाबूजी, बाकी छह घर में तो एक ही बाल्टी है." आमच्या घरातून तीच संध्याकाळी दुसरी निघाली. उरलेल्या पाच घरांशी बोलणे चालू आहे.

रंगपंचमीला व्हावयाचे तेच झाले. दुपारी गल्लीतून पोरांची टोळी गेली आणि काळी मोटार नखशिखान्त गुलाबी झाली. व्याही मंडळी ओसरीवर बसलेली. शेजारी खांद्यावरचा पंचा ओढून तरातरा निघाले. पोरगा फाटकापाशीच होता, स्वतःही रंगलेला. त्याने धावत येऊन पंचा धरला. "पहले पानी, बाबूजी," तो म्हणाला, आणि नळाला नळी लावावयास गेला.